दोन पत्र्यांमधला फेस

चालकांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा किमान वेतन, कंत्राटी पद्धत किंवा एखाद्या जुन्या संपाची हकीकत असे काही आमच्या तोंडून निघेल, अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही "पफ पॅनेल" असे सांगितले. चालक क्षणभर आमच्याकडे पाहत राहिले. युनियनच्या माणसाला पत्र्याचे आणि फेसाचे काय कौतुक, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर दिसला. त्याचे उत्तर देण्यासाठीच आज उभे आहोत. आमचे शिक्षण दहावीपर्यंत. पुढचे सारे ग्रंथालयात, गेटवरच्या सभांत आणि पिंपांवरची लेबले वाचून झाले. तेव्हा इंजिनिअर मंडळींनी आमची भाषा सांभाळून घ्यावी. हिशेब मात्र तपासून पाहावा.

उन्हाळ्यात आपण सकाळी वर्तमानपत्र उघडले की चिकलठाणा वेधशाळेचा आकडा पाहतो. एकेचाळीस, बेचाळीस. हा आकडा सावलीतला असतो, जमिनीपासून थोड्या उंचीवर, वारा खेळणाऱ्या पांढऱ्या पेटीतला. वेधशाळेपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या औद्योगिक वसाहतीतील शेडचा पत्रा त्या वेळी काय म्हणत असतो, ते कोठेच छापून येत नाही. मे महिन्यात दुपारी दोन वाजता उघड्या पत्र्याचे तापमान पासष्ट अंशांपर्यंत सहज जाते. त्याखाली उभा असलेला माणूस केवळ गरम हवेत उभा नसतो. वर तापलेली एक अजस्र तवी पालथी घातलेली असते आणि ती त्याच्या डोक्यावर उष्णता ओतत असते. पंखा लावला तरी ही उष्णता थांबत नाही, कारण ती हवेतून नव्हे, किरणांच्या रूपाने येते. ज्यांनी अशा शेडमध्ये दुसरी पाळी काढली आहे त्यांना हे पुस्तकातून कळावे लागत नाही.

आम्ही लहानपणी पैठण तालुक्यात माळवदाच्या घरात वाढलो. तुळया, त्यांवर फळ्या आणि काटक्या, त्यावर पाला, पाल्यावर चिखलाचा थर आणि सर्वांत वर पांढरी माती. जाडी फूटभर, कोठे अधिक. भिंती दोन-दोन हातांच्या. बाहेर लाही फुटत असताना आत दुपारची झोप लागत असे. आमच्या आजीला 'उष्णतारोधन' हा शब्द ठाऊक नव्हता. पण पावसाळ्यापूर्वी पांढरी माती टाकली नाही तर घर गळते, हे तिला पक्के ठाऊक होते.

ही विद्या या भागात पुष्कळ जुनी आहे. वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्याचे नमुने तपासून दोन संशोधकांनी २०१६ साली असे दाखवून दिले की, त्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तुकडे मुद्दाम मिसळलेले होते. त्यांपैकी एक आपल्याच मराठवाडा विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ. मातीत तंतू मिसळले की ती तडकत नाही, हे एक. दुसरे असे की, तंतू आणि माती यांच्यामध्ये बारीक बारीक पोकळ्या राहतात व त्यांत हवा अडकते. ही अडकलेली हवा लक्षात ठेवावी. आजचा आमचा विषय तिच्याच भोवती फिरणार आहे.

उष्णता एखाद्या पदार्थातून किती जलद जाते, हे सांगण्यास शास्त्रात उष्णतावाहकतेचा आकडा आहे. पोलादाचा आकडा सुमारे पन्नास. काँक्रीटचा दीड. विटांच्या बांधकामाचा पाऊण. स्थिर हवेचा अवघा ०.०२६. म्हणजे विटेपेक्षा हवा जवळजवळ तीसपट चांगली रोधक! मग भिंतीऐवजी हवाच का ठेवू नये? ठेवता येत नाही, कारण हवा स्थिर राहत नाही. दोन पत्र्यांमध्ये वीतभर मोकळी जागा सोडली, तर तापलेली हवा वर जाते, थंड हवा खाली येते, आणि हे रहाट चालू राहून उष्णता इकडून तिकडे पोचते. शिवाय एका पत्र्याचे किरण समोरच्या पत्र्यावर पडतातच. हवेला जागच्या जागी बसवायचे असेल तर तिला लहान लहान कोठड्यांत कोंडले पाहिजे. गोधडी, घोंगडी, कापसाची रजई ही सारी हवेला कोंडण्याची साधने होत. फेस हे त्यांतले अगदी अलीकडचे.

फेसांत मुख्य दोन जाती. एक आपण सर्व जण ओळखतो. गणपतीच्या मखरासाठी वापरला जाई तो थर्माकोल. पॉलिस्टायरीनचे मणी वाफेने फुगवून एकमेकांना चिकटवले की तो होतो. त्यात शंभरातले अठ्ठ्याण्णव भाग हवा असते. जर्मनीत १९५० च्या सुमारास तो निघाला. त्याचा आकडा ०.०३६ च्या आसपास. दुसरा पॉलियुरेथेन, ज्याला कारखान्यांत 'पफ' म्हणतात. त्याची रसायनक्रिया ऑटो बायर या शास्त्रज्ञाने १९३७ साली जर्मनीतच लेव्हरकुझेन येथे शोधून काढली. त्याच्या ताठ फेसाचा आकडा ०.०२३ च्या घरात येतो.

येथे चौकस श्रोता आम्हांस थांबवील. स्थिर हवेचा आकडा ०.०२६ सांगितला आणि फेसाचा त्याहून कमी? हवा कोंडून हवेपेक्षा चांगले रोधन कसे होईल? शंका रास्त आहे. आम्हांसही ही शंका बरेच दिवस छळत होती. उत्तर असे की, त्या कोठड्यांत हवा नसतेच. हवेपेक्षा जड व उष्णता कमी वाहणारा दुसरा वायू तेथे कोंडलेला असतो.

हा फेस होतो कसा ते पाहण्यासारखे आहे. दोन पिंपे असतात. एकात पॉलिऑल नावाचा दाट द्रव, त्यात थोडे उत्प्रेरक, बुडबुडे एकसारखे राहावेत म्हणून साबणासारखे एक द्रव्य, आणि लवकर उकळणारा एक द्रव. दुसऱ्यात आयसोसायनेट, काकवीसारखे तपकिरी. दोन्ही धारा यंत्राच्या तोंडाशी जोराने मिसळतात. काही सेकंदांत मिश्रण दुधाळ होते. रसायनक्रियेतून उष्णता निघते, त्या उष्णतेने लवकर उकळणाऱ्या द्रवाचा वायू होतो, आणि मिश्रण ढोकळ्याच्या पिठासारखे फुगू लागते. पण ढोकळ्याचे पीठ दुप्पट-अडीचपट फुगते. हे तीसपट फुगते. फुगणे आणि घट्ट होणे यांची शर्यत लागलेली असते. घट्ट होणे आधी झाले तर फेस अपुरा राहतो. फुगणे फार पुढे गेले तर बुडबुडे फुटून सारे खाली बसते. दोन्ही एकाच क्षणी संपली की बंद कोठड्यांचा ताठ फेस तयार. शंभरांतल्या नव्वदांहून अधिक कोठड्या बंद असतात. अंगाला लावायच्या स्पंजाच्या कोठड्या उघड्या असतात, म्हणून तो पाणी पितो. हा पीत नाही.

खाली एक पत्रा, वर एक पत्रा आणि मध्ये हा फुगणारा फेस. फेस स्वतःच दोन्ही पत्र्यांना चिकटतो, वेगळा डिंक लागत नाही. झाले पॅनेल. अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा हाताने वाकतो, फेस नखाने कुरतडतो, पण तिघे एक झाले की त्यावर माणूस चालतो. हे कसे, ते समजून घ्यायला ज्वारीचे ताट हातात घ्यावे. बाहेरची साल कडक, आत भेंड मऊ. साल सोलून काढली तर ती लवते; नुसते भेंड तर पोरे खेळण्यातल्या गाड्यांसाठी चुरगाळतात. पण दोन्ही मिळून ते डोक्याएवढ्या उंच दांड्यावर कणसाचा भार धरून वाऱ्यात उभे असते. वाकताना एका अंगाची साल ताणली जाते, दुसऱ्या अंगाची दाबली जाते, आणि भेंड त्या दोघींना एकमेकींपासून सरकू देत नाही. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी मॉस्किटो नावाचे विमान याच तत्त्वावर केले होते. दोन बाजूंस बर्चच्या लाकडाच्या पातळ फळ्या आणि मध्ये हलके बाल्सा लाकूड. आमच्या शिवारातील ज्वारीने त्याबद्दल कोणतेही पेटंट घेतलेले नव्हते.

आता थोडा हिशेब. पन्नास मिलिमीटर, म्हणजे दोन इंच जाडीचे पफ जेवढी उष्णता अडवते, तेवढी अडवायला विटांची भिंत सुमारे सव्वापाच फूट जाड लागेल. पासष्ट अंशांचा उघडा पत्रा आणि खाली अडतीस अंशांची हवा असे धरले, तर एका चौरस मीटरातून ढोबळ मानाने एकशे साठ वॅट उष्णता खाली येते. त्याच जागी दोन इंची पॅनेल घातले तर अकरा-बारा वॅट. हजार चौरस मीटरची शेड म्हणजे काही फार मोठी नव्हे. तिच्यात उघड्या पत्र्याखाली एक-एक किलोवॅटच्या एकशे साठ शेगड्या पेटवून ठेवल्या आहेत असे समजा. पॅनेल घातल्यावर बारा उरतात. थंड खोलीत एवढी उष्णता वीज खर्च करून बाहेर काढावी लागते, म्हणून शीतगृहवाल्यांना आणि औषध कारखान्यांना हे गणित फार पूर्वी समजले. सरकारलाही पुढे समजले. २००७ साली मोठ्या व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संवर्धनाची इमारत संहिता आली, २०१७ साली ती सुधारली, आणि २०१८ साली राहत्या घरांसाठी 'इको निवास संहिता' आली. घराच्या छपरातून अंशामागे दर चौरस मीटरला १.२ वॅटहून अधिक उष्णता जाऊ नये, असे तिच्यात म्हटले आहे. आमचे दोन इंची पॅनेल अर्ध्या वॅटच्याही खाली बसते.

एवढे ऐकून कोणी आजीचे माळवद मोडायला निघू नये. माळवदात एक गुण आहे जो पॅनेलमध्ये नाही. फूटभर मातीचे वजन दर चौरस मीटरला पाचशे किलोच्या आसपास. पॅनेलचे जेमतेम दहा. माती दिवसभर उष्णता पीत राहते आणि ती आत पोचेपर्यंत रात्र होते. रात्री दारे उघडी टाकली की ती निघून जाते. पॅनेल उष्णता साठवत नाही, नुसती अडवते. त्यामुळे पॅनेलच्या बंद खोलीत वीस माणसे आणि दहा यंत्रे ठेवली, आणि गरम हवेला वर वाट ठेवली नाही, तर माणसांची व यंत्रांची उष्णता आतच कोंडते. पॅनेल आहे म्हणून छपरावरचे फिरते झरोके काढून टाकल्याचे आम्ही पाहिले आहे. तेथे संध्याकाळी उघड्या पत्र्याच्या शेडपेक्षा अधिक घुसमट होत होती.

आता कोठडीतल्या वायूकडे वळू. आरंभीची कित्येक दशके तेथे सीएफसी-११ हा वायू वापरत. न पेटणारा, न विषारी, रोधनाला उत्तम. त्याच्यात एकच खोड होती, आणि ती पृथ्वीपासून वीस-पंचवीस किलोमीटर उंचावर उघडकीस आली. तो ओझोनचा थर खाई. १९८७ साली माँट्रियल करार झाला, १९९२ साली भारत त्यात आला. सीएफसी गेला, त्याच्या जागी आलेला एचसीएफसी-१४१बी कमी घातक, पण घातकच. १ जानेवारी २०२० पासून त्याचीही आयात आपल्याकडे बंद झाली. आता बहुतेक ठिकाणी सायक्लोपेंटेन असते. ओझोनला त्याच्यापासून भय नाही. पण तो पेट्रोलसारखा पेटतो! आकाशावरचे संकट कमी झाले आणि त्यातले थोडे शॉपफ्लोअरवर उतरले. तेथे वायू ओळखणारी घंटा, ठिणगी न उडवणारी विजेची जोडणी आणि हवा खेचणारे पंखे हवेत. मोठे कारखाने ते बसवतात. लहान शेडमध्ये पंखा असतो, घंटा असेलच असे नाही.

दुसऱ्या पिंपाचे, म्हणजे आयसोसायनेटचे, नाव ऐकून काहींच्या अंगावर काटा आला असेल. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये जे सुटले तेही आयसोसायनेटच. पण मिथिल आयसोसायनेट. ते एकोणचाळीस अंशांनाच उकळते, म्हणून ढगासारखे पसरले. पॅनेलसाठी वापरतात ते एमडीआय जड असते, साध्या तापमानाला त्याची वाफ फारशी होत नाही. तेव्हा दोघांना एकच समजून घाबरणे चूक. आणि हे भोपाळचे नव्हे म्हणून निर्धास्त होणे ही त्याहून मोठी चूक.

त्याची रीत वेगळी आहे. ते एका रात्रीत मारत नाही. द्रव गरम केला, फवारला, किंवा ताजा फेस तापला असताना तोंड जवळ नेले, की बारीक तुषार आणि वाफ छातीत जाते. बहुतेकांना काही होत नाही. काहींच्या शरीराला मात्र त्याची ओळख पटते. महिन्यांनी किंवा वर्षांनी एके दिवशी छाती आवळते, शिटी वाजू लागते. एकदा ही ओळख पटली की मग अगदी नाममात्र मात्राही पुरते. हवेतील प्रमाण मर्यादेत आहे, असा दाखला अशा माणसाच्या काही कामाचा नसतो, कारण ती मर्यादा इतरांसाठी असते.

आमच्या ओळखीचा एक गडी होता. त्याचे व कारखान्याचे नाव येथे घेत नाही. फेस भरण्याच्या टेबलावर तो सहा वर्षे होता. रविवारी त्याला बरे वाटे, सोमवारी रात्री खोकला सुरू होई, शनिवारपर्यंत तो वाढत जाई. डॉक्टरांनी धूळ म्हटले, विडी म्हटले, थंडी म्हटले. तो विडी ओढत नव्हता. रविवारी बरे आणि सोमवारी वाईट, हा हिशेब प्रथम त्याच्या बायकोने लावला. ती कधी शाळेत गेली नव्हती. आम्ही त्या पिंपावरचे लेबल लिहून घेऊन ग्रंथालयात गेलो, तेव्हा तेथेही तेच लिहिलेले सापडले. त्याला टेबलावरून हलवून फाटकावर बसवा, एवढीच आमची मागणी होती. ती मान्य व्हायला अकरा महिने लागले. तोवर त्याची छाती फाटकाच्याही कामाची उरली नव्हती. येथे तोंडाला रुमाल बांधून काही होत नाही. वाफ ओढून घेणारा झोत टेबलापाशी हवा, योग्य गाळणीचा मुखवटा हवा, हातमोजे हवेत, आणि वर्षातून एकदा फुंकणीच्या यंत्रावर प्रत्येकाच्या श्वासाची मोजणी हवी. ज्याचा आकडा उतरू लागला त्याला पगार न कापता दुसरे काम द्यावे.

फेस एकदा पूर्ण घट्ट झाला की हे द्रव्य त्यात मोकळे राहत नाही. पॅनेलच्या खोलीत बसणाऱ्याने त्याची भीती बाळगू नये. त्याने भीती बाळगावी ती आगीची. पॉलियुरेथेन जळते, आणि जळताना कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन सायनाइड हे दोन विषारी वायू सोडते. दक्षिण कोरियात इचन येथे २००८ साली शीतगृहाच्या आगीत चाळीस माणसे गेली. त्याच शहरात २०२० साली बांधकाम चालू असलेल्या गोदामात अडतीस. दोन्ही ठिकाणी हाच फेस होता, आणि दुसऱ्या वेळी वेल्डिंगची ठिणगी निमित्त झाली. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये २०१७ साली बहात्तर माणसे गेली. तेथे मुख्य दोष बाहेरच्या पत्र्यांमधल्या पॉलिएथिलीनच्या गाभ्याचा होता, पण आतल्या फेसानेही भर घातली. पॅनेलमध्ये आग दोन पत्र्यांच्या आड पसरते, पाण्याचा मारा वरच्या वर निथळून जातो. पॉलिआयसोसायन्युरेट, म्हणजे पीआयआर जातीचा फेस जळताना वर कोळशाचा थर धरतो, म्हणून तो थोडा बरा. दगड वितळवून त्याचे तंतू काढलेली रॉकवूल जळत नाही; तिचा आकडा ०.०४ असल्याने जाडी अधिक लागते, वजनही वाढते. स्वयंपाकघर, बॉयलर, वेल्डिंगची जागा यांना लागून रॉकवूलच घालावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. फेसाच्या पॅनेलला भोक पाडायला ग्राइंडर तर कधीच लावू नये.

३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे वाळूज औद्योगिक वसाहतीत हातमोज्यांच्या कारखान्याला आग लागून आत झोपलेले सहा कामगार गेले. ती पॅनेलची आग होती असे आमचे म्हणणे नाही. पण माणसे कारखान्यात झोपतात हे आपल्याकडचे वास्तव आहे, आणि पॅनेलची खोली थंड असते म्हणून उन्हाळ्यात तेथेच सतरंजी पसरली जाते. तिला दुसरे दार असलेच पाहिजे, आणि ते आतून किल्लीशिवाय उघडले पाहिजे.

बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही एका कारखान्यात छपराखाली रोधन घालण्याची मागणी घेऊन गेलो होतो. खर्च परवडत नाही, असे उत्तर मिळाले. त्याच शेडच्या एका कोपऱ्यात तयार माल ठेवण्याची पॅनेलची खोली होती. काटा पंचवीस अंशांवर. तो अंशभर वर गेला तर नोंदवहीत लाल शाईने खुलासा लिहावा लागे. खोलीबाहेर तीन पावलांवर माल भरणाऱ्या बाया उभ्या असत. तेथे काटा नव्हता. आम्ही घरचा तापमापक नेऊन खांबाला टांगला, त्रेचाळीस भरले. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तेराव्या कलमात, भिंती व छपरे अशा पदार्थांची व अशा रचनेची असावीत की आतील तापमान शक्य तितके कमी राहील, असे लिहिलेले होते. ते कलम आम्ही मोठ्याने वाचून दाखवले. व्यवस्थापकांनी शांतपणे ऐकून घेतले आणि "शक्य तितके" या दोन शब्दांवर बोट ठेवले. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या संहितेने घेतली. हवा, तापमान आणि दमटपणा यांची जबाबदारी तिनेही मालकावरच ठेवली आहे. खांबाला टांगलेला तापमापक मात्र आपला आपणच न्यावा लागेल.

शेवटी पॅनेल विकत घेणाऱ्यांसाठी एक कामाची गोष्ट, कारण सभागृहात दुकानदार आणि हॉटेलवालेही दिसत आहेत. चांगल्या पफचे वजन घनमीटरला चाळीस किलोच्या आसपास असते. फेस अधिक फुगवला की माल कमी लागतो, पैसे वाचतात, पण कोठड्यांच्या भिंती पातळ होतात, वायू लवकर निसटतो आणि दोन-चार उन्हाळ्यांत पॅनेल पोट काढते. हे बाहेरून दिसत नाही. ठेकेदाराकडून कापून उरलेले तुकडे मागून घ्यावेत, पत्रा सोलावा, आणि सुरीने दहा सेंटिमीटर लांब, दहा रुंद, दहा उंच असा ठोकळा जुळवावा. दोन इंची पॅनेल असेल तर दोन थर लागतील. हा ठोकळा किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवावा. चाळीस ग्रॅम भरला पाहिजे, छत्तीस-अडतीस चालेल. गेल्या उन्हाळ्यात आमच्या युनियनच्या कचेरीवर पॅनेल घातले तेव्हा आम्ही हा ठोकळा खिशात घालून कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. तो एकतीस ग्रॅम भरला. दुकानदाराने आमच्याकडे पाहिले, काटा पुसला आणि पुन्हा ठेवून पाहिला. एकतीसच.